इनास बटलरचं गाऱ्हाणं

आमच्या शेजारच्या इनासमामाला पेज जेवायला दोन माणसं लागत. एक वाढायला, एक जेवायला. घरात तो एकटाच, म्हणून दोन्ही कामं त्यालाच करावी लागत.

थट्टा करत नाही मी. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा एक गडगा, तोही कमरेएवढा. त्यामुळे त्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, काय चाललंय ते मला माझ्या चुलीपेक्षा जास्त दिसायचं. उन्हं माडांच्या वर आली की मामा खळ्यात टेबल मांडायचा. त्यावर पांढरं कापड, कापडावर काटा, सुरी, चमचा. मग डाव्या हातावर फडकं टाकून तो रिकाम्या खुर्चीपाशी वाकून उभा राहायचा आणि विचारायचा, "के देसेआ एल सेन्योर?" म्हणजे, साहेबांची काय इच्छा? एवढं विचारून झालं की वळसा घालून स्वतःच त्या खुर्चीत बसायचा. हनुवटी खाजवत विचार करायचा, जसं काही घरात वीस पदार्थ शिजलेत, आणि शेवटी साहेबी आवाजात स्पॅनिशमधून पेजच मागायचा. परत उठायचा, पेज आणायचा, वाढायचा, परत बसायचा. कधी साहेबाला पेज थंड लागे. मग साहेब रागवायचा आणि बटलर माफी मागायचा. एकदा तर बटलरच रुसून आत गेला आणि त्या दिवशी दोघेही उपाशी राहिले.

त्याला मी 'तो' म्हणते म्हणून नाक मुरडू नका. आमच्याकडे मामाला 'अरे' म्हणतात. 'अहो' म्हटलं तर त्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं.

उभी जवानी त्यानं मालाच्या बोटींवर बटलर म्हणून काढली होती. त्याच्या बोटी वर्षानुवर्षं त्या पलीकडच्या अमेरिकेला, बोयनोस आयरिस आणि मोंतेविदेओ अशा बंदरांना लागायच्या. तिथून तो परत आला तो तीन गोष्टी घेऊन. एक लोखंडी पेटी, एक पितळी बटणांचा पांढरा कोट आणि स्पॅनिश भाषा. पेटी आणि कोट घरात मावले. स्पॅनिशचं काय करावं ते त्याला कळेना. तोंडवलीपासून मसुऱ्यापर्यंत त्या भाषेत 'जेवलास का' विचारणारं दुसरं माणूस नव्हतं. बायको कोंसू आधीच गेलेली. एकुलता मुलगा पेद्रू, तोही बापासारखा बोटीवर.

मामाचा सगळा कायदा टेबलाचा. टेबलाला तो मेज म्हणायचा. विहिरीवर बायका भांडल्या, देवळात कोणी शिंकरलं, गावकराची बकरी कोणाच्या पडवीत शिरली, की हा मान हलवून म्हणणार, "मेजार ह्या चलाचा नाय." बकरीलासुद्धा हेच सांगायचा, आणि तेही अदबीनं.

पेद्रूचा विषय मात्र त्याच्याकडे काढायचा नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. तीनदा त्यानं गावभर सांगितलं होतं की पेद्रू येतोय. तिन्ही वेळा घराला चुना काढला, करंज्यांसारख्या नेवऱ्या केल्या, कोट घालून मालवणच्या बंदरावर जाऊन उभा राहिला. बोटीतून पडावात आणि पडावातून धक्क्यावर लोक उतरले, पेद्रू उतरला नाही. तिसऱ्या खेपेला धक्क्यावर कोणीतरी म्हटलं, बटलर तयार आसा, साहेबच येना नाय. लोक हसले. तेव्हापासून मामानं मुलाचं नाव घेणं टाकलं. आम्हीही काढलं नाही. जखमेवर मीठ चोळायची हौस कोणाला असते.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या वर्षीची गोष्ट. एके दिवशी मामा कोट घालून गुरुजींकडे गेला. आमची शाळा भरायची रवळनाथाच्या देवळासमोरच्या धर्मशाळेत, आणि सगळ्या इयत्तांना मिळून गुरुजी एकच. ते साताऱ्याकडचे, माळकरी, स्वभावानं गरीब. मामानं त्यांना सांगितलं, शनिवारी शाळा सुटली की मी पोरांना फुकटात स्पॅनिश शिकवतो. का, असं गुरुजींनी विचारलं. पोरांच्या तोंडाला वळण लागेल, असं मामा म्हणाला. गुरुजींना घरी जायची घाई होती. "शिकवा, पण जाताना फळा पुसून ठेवा," एवढं बोलून ते निघाले.

फळ्याला मामानं हात लावलाच नाही. तो घरून टेबल डोक्यावर घेऊन गेला. अर्धी पोरं पाहुणे, अर्धी बटलर, असा त्याचा वर्ग. बटलरला जेवढं स्पॅनिश येतं तेवढंच त्याला येत होतं, आणि तेवढंच तो शिकवायचा. या, बसा, काय हवं, काय नको, मासे की मटण, अजून थोडं घ्या, मुलांना भूक लागली असेल, आई कुठे आहे, खुर्ची आणू का.

माझी सुलू तेव्हा चौथीत. चार शनिवार झाले असतील नसतील, पोरगी घरात पाटावर बसायच्या आधी माझ्या सासूबाईंपुढे कमरेत वाकायला लागली. "सेन्योरा, मास सोपा?" म्हणजे, बाईसाहेब, आणखी सूप? सासूबाईंच्या ताटात कुळथाची पिठी. त्यांनी आधी पिठीकडे पाहिलं, मग नातीकडे, आणि मला विचारलं की ही मला शिवी देतेय की आशीर्वाद.

तिथवर ठीक होतं. पण मग पोरं आमच्यादेखत आपसात त्या भाषेत कुजबुजायला लागली. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो. पोटच्या पोरीनं माझ्यासमोर बसून, माझ्याकडे बघून काहीतरी बोलावं, शेजारच्या पोरानं फिदीफिदी हसावं, आणि मला त्यातलं अक्षर कळू नये, हे मला कसं सहन व्हावं? घरोघरी हेच. पाणवठ्यावर दुसरा विषय राहिला नाही.

तिथेच अफवांना पाय फुटले. गोवा अजून फिरंग्यांच्या हातात होता. बटलर पोरांना फिरंगी भाषा शिकवतो, उद्या पोलीस येतील, असं एकीनं सांगितलं. मामा भयंकर दुखावला. फिरंगी भाषा वेगळी आणि स्पॅनिश वेगळी, हे तो घरोघर जाऊन सांगून आला. त्यामुळे ज्यांना अफवा ठाऊक नव्हती त्यांनाही ती कळली. दुसरी म्हणाली, हा पोरांना बाटवणार. सासूबाईंनी तिला गप्प केलं. ज्याला स्वतःला महिनोन्महिने चर्चला जायचा कंटाळा, तो दुसऱ्याला कशाला तिकडे नेईल, असं त्यांचं म्हणणं.

मग शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी एका पोराला विचारलं, बाळ, तुला काय येतं? बाळानं डावा हात पोटाशी घेतला, वाकला आणि साहेबांनाच स्पॅनिशमधून विचारलं की त्यांना मासे हवेत की मटण. साहेबांनी गुरुजींना बाजूला घेतलं. पालकांना बोलवा, हा काय प्रकार आहे तो त्यांना दाखवा, त्यांनी हो म्हटलं तर चालू ठेवा, नाहीतर आजच्या आज बंद करा, असा हुकूम झाला.

त्या संध्याकाळी मामा गडग्यापाशी आला. चेहरा उतरलेला. शनिवारी येशील ना, असं मला विचारलं. मी म्हटलं, "मी येतलंय आणि माका वाटतला ता बोलतलंय." बोल म्हणाला, पण मेजावर चालेल असं बोल. मला वाटलं, आता जाईल. तो गेला नाही. चिऱ्यावरचं शेवाळ नखानं खरवडत उभा राहिला.

"वर्ग बंद पडाक नको गो," तो म्हणाला. मग परत तेच म्हणाला.

एवढा काय जीव जडलाय त्या वर्गात, ते मला कळेना. म्हाताऱ्याला बोलायला कोणी नाही, पोरं ऐकतात, सुटू नये असं वाटत असेल, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला.

शनिवारी धर्मशाळा भरली. पालक म्हणजे आम्ही बायकाच. पुरुष सगळे मुंबईला. उरलेल्यांत म्हातारे, आणि त्यांच्यापुढे काठी टेकून बसलेले आबा गावकर. देवाचं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, त्यामुळे गावात शेवटचा शब्दही त्यांचाच.

मामा कोट घालून उभा होता. कोट आता पोटावर बसत नव्हता, तरी सगळी बटणं लावलेली. त्यानं आम्हाला वाकून नमस्कार केला आणि आपला वर्ग दाखवायला सुरुवात केली. पाहुणे म्हणून गुरुजींना टेबलावर बसवलं. पोरांनी एकामागून एक येऊन त्यांना काय काय विचारलं. गुरुजींनी भिडेपोटी सगळ्याला मान डोलावली. शेवटी एका पोरानं मोठ्यानं सांगितलं की गुरुजींनी मटण दोनदा मागितलं. गुरुजी गळ्यातली माळ चाचपत उठले. तोपर्यंत सगळ्या हसत होत्या. मामाच्या तोंडावर जरा रंग आला.

तेवढ्यात खालच्या वाडीतली शेवंता उठली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण ती म्हणाली, "आमचे घोव थंय मुंबैक हाटेलात कपबश्यो इसळतत. आता पोरांनी पण हातार फडको टाकून उभ्या रवाचा?"

हसू जिथल्या तिथे थांबलं. माझे यजमानही तेव्हा फोर्टातल्या एका हॉटेलात होते. घरी आले की हात लपवायचे, सोड्यानं सालं निघालेले असत. शेवंतेचं बोलणं माझ्या काळजाला लागलं. मीच उठले. मी विचारलं, मामा, खरं सांग, हे सगळं कशासाठी? वळणाबिळणाचं मला सांगू नको.

मामानं मान खाली घातली. मागून बायका म्हणायला लागल्या, बंद करा, बंद करा. गुरुजी लिहायला दौत शोधू लागले.

आबा गावकरांनी काठी आपटली. "हंय सांगाक जमना नाय तर तकडे सांग," म्हणाले आणि समोरच्या देवळाकडे हात केला.

आमच्याकडे माणसांपुढे जे सुटत नाही ते देवापुढे मांडतात. एकानं गाऱ्हाणं घालायचं, आणि तो श्वास घ्यायला थांबला की बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते आमच्या हाडात मुरलंय. झोपेतून उठवलं तरी आम्ही बरोबर जागेवर 'व्हय म्हाराजा' म्हणू. आबा देवळाकडे तोंड करून उभे राहिले.

"बारा-पाचाच्या देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या बटलरान शाळेत जा काय मांडल्यान हा, ता बरा काय वायट, ता तुका ठावक."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या मनात जा आसा, ता तेच्या तोंडातसून भायर काड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मग आबांनी मामाला पुढे केलं. मामानं बूट काढले. आधी छातीवर क्रुसाची खूण केली, मग हात जोडले. कोणी हसलं नाही.

"बा देवा म्हाराजा," त्यानं सुरुवात केली. आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. "माज्या घरात..." म्हणाला आणि अडला. मान वळवून त्यानं आमच्याकडे पाहिलं. एकेका तोंडाकडे पाहिलं. मग परत देवाकडे वळला आणि स्पॅनिशमधून बोलायला लागला.

तेव्हा मला उमगलं. त्याला देवाला सांगायचं होतं, आम्हाला सांगायचं नव्हतं. देवाला सगळ्या भाषा येतात.

पण सूर गाऱ्हाण्याचाच होता. तो बोले, थांबे, आणि आम्ही सगळ्या सवयीनं म्हणत होतो, व्हय म्हाराजा. शेवंताही म्हणत होती. एरवी 'व्हय म्हाराजा' म्हणताना पोरांचा आवाज सगळ्यांत मोठा. आज पोरं गप्प होती. पहिल्या रांगेत सुलू बसली होती, तिचे डोळे मोठे झालेले. मामा आपल्याच शिष्यांना विसरला होता.

गाऱ्हाणं संपलं. आबा म्हणाले की आम्ही व्हय म्हटलं खरं, पण कशाला म्हटलं ते सांग. देवाला कळलं, असं मामा पुटपुटला. देवाला कळलं असेल, पण व्हय आम्ही म्हटलंय, असं म्हणून आबा पोरांकडे वळले. सुलू उभी राहिली. मामानं तिच्याकडे बघून मान हलवली, नको नको म्हणून. पोरगी माझीच. ती थांबणार थोडीच.

"मामा सांगता, एक ल्हान पावणी येतली. लुसिया. पेद्रूचा चेडू. तेका आवस नाय. पेद्रू परत बोटीर जातलो, चेडू हंय रवतला. तेका ह्यीच भाशा येता, दुसरी येना नाय. मामा म्हातारो. तो तेका जेवक वाढतलो, पण तेच्याकडे बोलतला कोण? तेच्या बाजूक बसाक गावातली पोरां धाड, असा सांगता." सुलू थांबली. मग हळूच म्हणाली, "आणि सांगता, ह्या खेपेक तरी येवंदे."

पेद्रूला मुलगी आहे, आणि ती बिनआईची, हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मामा भिंतीकडे तोंड करून उभा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. गडग्यापलीकडे राहतो मेला, रोज माझ्याकडून विस्तव नेतो, आणि एवढी गोष्ट मला सांगत नाही! पण सांगणार कसा? तीनदा सांगून तो हसं करून घेऊन बसला होता. चौथ्यांदा गोव्याकडच्या एका खलाशानं पेद्रूचा निरोप आणला, तर त्यानं चुना न काढता, नेवऱ्या न करता, मुकाट्यानं गावातल्या पोरांना तिच्याशी बोलायला शिकवायला घेतलं.

पहिल्यांदा बोलल्या त्या माझ्या सासूबाई. "चेडवाक कांट्याचे मासे खावक येतत काय?"

मामा वळला. त्याला माहीत नव्हतं. त्यानं नातीला पाहिलंच नव्हतं.

"मगे पयल्यांदा बांगडे नको," सासूबाई म्हणाल्या. "सुरमय बघूया."

आबांनी निकाल दिला की देवासमोर व्हय म्हटलंय, आता गावाला फिरता येणार नाही. गुरुजींनी तसं लिहून घेतलं. शेवंतेनं एक अट घातली. वर्ग चालू दे, पण हातावरचं फडकं काढ, पोरगी खेळायला येतेय, खेळाचं शिकव. मामा कबूल झाला आणि पुढचे चार महिने घाम गाळत बसला, कारण खेळाचा एक शब्द त्याला येत नव्हता. बोटीवर त्याच्याशी कोणी लंगडी खेळलं नव्हतं.

नारळीपौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या आणि एका सकाळी आमची अख्खी वाडी बैलगाड्या जुंपून मालवणच्या बंदरावर गेली. मामा सगळ्यांच्या मागे उभा होता, धक्क्याकडे पाठ करून. पडाव लागला. पेद्रू उतरला, आणि त्याच्या मागे त्याचा सदरा धरून एक काटकुळी पोर. पोरांनी तिला गराडा घातला आणि येत होतं ते सगळं स्पॅनिश एका दमात बोलून टाकलं. या, बसा, भूक लागली का, खुर्ची आणू का. तिनं ऐकून घेतलं आणि मग इतकं भरभर, इतका वेळ काहीतरी सांगितलं की सुलूलासुद्धा एक शब्द कळला नाही. पण सुलूनं मान डोलावली आणि तिचा हात धरला.

पेद्रू नाताळपर्यंत राहिला आणि बोटीवर गेला. लुसिया राहिली. रडली नाही, हट्ट केला नाही. टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसायची. मामा विचारायचा तेव्हा सांगायची, वाढायचा तेव्हा खायची, दर घासाला 'ग्रासियास' म्हणायची. अशी शहाणी पोर मी पाहिली नाही. मी तसं मामाला बोलून दाखवलं, तर त्यानं मान हलवली. "खूप शाणा आसा गो," म्हणाला, "ताच दुखता."

पोरांना त्याचं काही नव्हतं. ती तिला समुद्रावर न्यायची, झाडावर चढवायची, कालवं फोडायला बसवायची. घाईत कोण स्पॅनिश बोलत बसणार? शिमग्यापर्यंत लुसियाची लुशी झाली आणि पाणवठ्यावर शेवंतेच्या पोराशी तिचं अस्सल मालवणी भांडण मी माझ्या कानांनी ऐकलं. मामाच्या वर्गाला मग कोण येणार? एका शनिवारी तो धर्मशाळेत एकटाच बसून राहिला आणि टेबल डोक्यावर घेऊन परत आला. ज्या वर्गासाठी एवढं रामायण झालं तो असा आपोआप बंद पडला. मला वाईट वाटलं. त्याला वाटतं का, ते विचारायला माझी जीभ रेटेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, मामा धावतच गडग्यापाशी आला. धाप लागलेली. मला वाटलं पोर पडली-झडली. मी हातातलं टाकून पळाले.

"लुशीन सुरमय खाल्ल्यान," तो म्हणाला.

मी म्हटलं, मग त्यात काय झालं?

"तव्यावरसून. माका इचारल्यान नाय. उभ्यान खाल्ल्यान, माका एक तुकडो ठेवल्यान नाय." तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "पावणो कधी तव्यात हात घालता काय, सुलूचे आये?"

गडग्यावरून हात टाकून मी त्याचा खांदा धरला. आतून लुशी जोरजोरात ओरडत होती, "आजा, भात खंय आसा?"